हक्काचं माणूस, हक्काचा वेळ

रात्री अवेळी दुखायला लागलं किंवा मनात भीती दाटून आली, तर तुम्ही कुणाला उठवाल? अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठानं १९३८ साली सुरू केलेल्या आणि आजही चालू असलेल्या एका अभ्यासात लोकांना हा प्रश्न विचारला गेला. जितकी आठवतील तितकी नावं लिहायची होती. काहींनी भराभर यादी केली. काहींना एकही नाव सुचलं नाही, आणि त्यांच्यात विवाहित माणसंही होती. म्हणजे घरात दुसरं माणूस असूनही उठवावं असं कुणी नव्हतं.

अशा माणसाला मराठीत नेमका शब्द आहे: हक्काचं माणूस. ज्याच्या दारावर अवेळी थाप मारता येते, आधी कारण सांगावं लागत नाही आणि नंतर उपकाराचं ओझं उरत नाही. 'हक्क' हा शब्द एरवी आपण जमिनीसाठी, पगारासाठी, मतदानासाठी वापरतो. भाषेनं तोच शब्द सगळ्यात जवळच्या माणसालाही लावला, यात मला मोठं शहाणपण दिसतं. असं माणूस असणं किंवा नसणं हा प्रकृतीचा प्रश्न आहे, आणि तो ज्याच्या त्याच्या स्वभावावर सोडून देता येणार नाही. माणसं आपली आपणच जोडतो, हे खरं. पण जोडायला आणि टिकवायला लागणारा वेळ, एकमेकांपर्यंत पोचायची वाट, आजारपणात उशाशी बसायची मुभा या गोष्टी कामाचे तास ठरवणारे, रुग्णालयं चालवणारे आणि कायदे करणारे देतात किंवा काढून घेतात.

हार्वर्डच्या अभ्यासात सुरुवातीला दोन अगदी वेगळे गट होते. एकात विद्यापीठात शिकणारे २६८ तरुण, दुसऱ्यात बॉस्टनच्या गरीब वस्त्यांमधली ४५६ मुलं. त्यांच्या रक्ताच्या तपासण्या, नोकऱ्या, लग्नं, भांडणं, दारू, युद्धातले अनुभव, सगळं दशकानुदशकं नोंदलं गेलं. हे लोक ऐंशीच्या घरात पोचल्यावर संशोधकांनी मागे वळून त्यांच्या पन्नाशीतल्या नोंदी काढल्या आणि पाहिलं, की म्हातारपणी कोण धडधाकट राहील हे त्या वेळी कशावरून सांगता आलं असतं. कोलेस्टेरॉलच्या आकड्यापेक्षा आपल्या नात्यांमध्ये माणूस किती समाधानी होता, यावरून ते जास्त चांगलं सांगता आलं असतं.

एवढ्यावर मी हा लेख लिहिला नसता. मूळ गटातले सगळे पुरुष, सगळे गोरे अमेरिकन. त्यांच्यावरून साऱ्या जगाबद्दल बोलणं धाडसाचं होईल. पण हा अभ्यास एकटा नाही. कॅलिफोर्नियातल्या अलामेडा परगण्यात १९६५ साली ६,९२८ स्त्री-पुरुषांना त्यांच्या जोडीदाराबद्दल, मित्र-नातलगांबद्दल आणि ते ज्या मंडळांमध्ये किंवा प्रार्थनास्थळांमध्ये जात त्यांबद्दल विचारलं गेलं, आणि पुढची ९ वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं गेलं. लिसा बर्कमन आणि लिओनार्ड साइम यांनी १९७९ मध्ये निष्कर्ष मांडले. ज्यांचे संबंध सगळ्यात कमी होते त्या पुरुषांचा मृत्युदर भरपूर संबंध असलेल्यांच्या २.३ पट, तर स्त्रियांचा २.८ पट होता. धूम्रपान, मद्यपान, वजन, उत्पन्न यांचा हिशेब वेगळा काढल्यावरही फरक उरलाच. पुढे २०१० मध्ये ज्युलियन होल्ट-लुनस्टॅड आणि सहकाऱ्यांनी अशा १४८ अभ्यासांचा, मिळून ३ लाखांहून अधिक माणसांचा, एकत्रित हिशेब मांडला. सरासरी साडेसात वर्षांच्या काळात, ज्यांची नाती भक्कम होती त्यांची जिवंत राहण्याची शक्यता ५० टक्क्यांनी जास्त निघाली.

इथे कुणीही विचारी वाचक हात वर करील. आजारी माणूस घरात अडकतो, त्याचं येणंजाणं कमी होतं. गरिबी, नैराश्य, बहिरेपण माणसांपासून तोडतंही आणि आयुष्यही कमी करतं. मग नात्यांना श्रेय कशाला? ही शंका रास्त आहे, आणि ती झटकून टाकणारे लोक या विषयाचं नुकसान करतात. ब्रिटनमधल्या साडेचार लाखांहून अधिक लोकांच्या माहितीवर २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात गरिबी, धूम्रपान, नैराश्य आणि आधीचे आजार हिशेबात धरले, तेव्हा 'मला एकाकी वाटतं' असं म्हणणाऱ्यांचा मृत्यूचा वाढीव धोका जवळपास पुसला गेला. ज्यांचा माणसांशी संपर्कच तुटला होता, त्यांचा धोका मात्र कमी झाला तरी शिल्लक राहिला. मला यातून दोन गोष्टी दिसतात. मनातली एकाकीपणाची भावना आणि प्रत्यक्ष तुटलेपण या एकच वस्तू नाहीत, हे एक. दुसरं असं, की तुटलेपण आणि गरिबी यांचा गुंता इतका घट्ट आहे की 'लोकांत मिसळा' एवढा उपदेश करून तो सुटणारा नाही.

शरीरात नेमकं काय होतं, हे पाहायला प्रयोगांकडे वळावं लागतं. शेल्डन कोहेन आणि सहकाऱ्यांनी २७६ निरोगी स्वयंसेवकांच्या नाकात सर्दीच्या विषाणूचे थेंब टाकले आणि त्यांना वेगळं ठेवून पाहिलं. हा अभ्यास १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. विषाणू सगळ्यांना दिला होता, तरी सर्दी सगळ्यांना झाली नाही. ज्यांची नाती सहा किंवा अधिक प्रकारची होती (जोडीदार, आईवडील, मित्र, सहकारी, शेजारी, एखाद्या मंडळातले सोबती) त्यांच्या तुलनेत एक ते तीन प्रकारचीच नाती असलेल्यांना सर्दी होण्याचा धोका चौपटीहून जास्त होता. एरवी जास्त माणसांत वावरणाऱ्याला सर्दी जास्त व्हायला हवी असंच आपण म्हणू.

दुसरा प्रयोग मला या साऱ्या संशोधनातला सगळ्यात बोलका वाटतो. जेम्स कोन यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या प्रयोगात १६ विवाहित स्त्रियांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवलं आणि पायाला विजेचा हलका झटका बसू शकतो असा इशारा अधूनमधून दिला. कधी त्या एकट्या होत्या, कधी त्यांनी एका अनोळखी पुरुषाचा हात धरला होता, कधी नवऱ्याचा. नवऱ्याचा हात हातात असताना धोक्याला प्रतिसाद देणारे मेंदूतले भाग सगळ्यात शांत राहिले, आणि ज्यांचा संसार अधिक समाधानाचा होता त्यांच्यात ही शांतता अधिक खोल होती. धोका तोच होता, झटक्याची शक्यताही तीच. बदलला तो फक्त मेंदूनं मांडलेला हिशेब: हे मला एकटीला पेलायचं आहे की नाही?

रात्रीचा पहारा एकट्यावर असला तर डोळा लागत नाही, पाळी बदलायला कुणी असलं तर लागतो. एकटं पडलेलं शरीर सतत पहाऱ्यावर असतं. झोप तुटक होते, रक्तदाब चढा राहतो, ताणाची संप्रेरकं ओसरायच्या वेळी ओसरत नाहीत, आणि आतला दाह धुमसत राहतो. एका रात्रीत यानं कुणी मरत नाही. तीस वर्षांत रक्तवाहिन्या झिजतात. जिवाभावाचं माणूस आपल्याला आनंद देतं हे तर आहेच, पण त्याचा मोठा उपकार न दिसणारा आहे: ते आपल्याला पहाऱ्यावरून उतरवतं. आनंद आणि आरोग्य यांचा सांधा मला इथे सापडतो. हार्वर्डच्याच अभ्यासात ऐंशी ओलांडलेल्या जोडप्यांकडून रोजच्या नोंदी घेतल्या, तेव्हा ज्यांचं सहजीवन सुखाचं होतं त्यांचं मन, सांधे जास्त दुखत असलेल्या दिवशीही, तितकं खचलेलं नव्हतं. दुखणं होतंच, पण त्यानं सगळा दिवस गिळला नाही.

आता जे म्हणायचं आहे ते जरा जोर देऊन म्हणतो, कारण या विषयावर लिहिताना तेच बहुधा वगळलं जातं. नाती आरोग्याला पोषक असतात असं सरसकट म्हणणं खोटं आहे. चांगली नाती पोषक असतात. वाईट नाती आजारी पाडतात. ओहायोमध्ये जॅनिस किकोल्ट-ग्लेझर यांनी ४२ जोडप्यांच्या हातावर उपकरणानं बारीक फोड आणले आणि ते भरून यायला किती वेळ लागतो ते मोजलं. मतभेदाच्या विषयावर बोलणं झाल्यानंतर जखमा सावकाश भरल्या. जी जोडपी एकमेकांशी वैरानं बोलत होती, त्यांच्या जखमा भरण्याचा वेग इतरांच्या ६० टक्केच होता. २००८ मध्ये होल्ट-लुनस्टॅड यांनी लोकांचा २४ तासांचा रक्तदाब मोजला. सुखी विवाहितांचा सगळ्यात कमी होता, पण अविवाहितांचा रक्तदाब दुःखी विवाहितांपेक्षा कमी निघाला.

'नाती महत्त्वाची असतात' हे वाक्य पिढ्यान्‌पिढ्या कुणाला ऐकवलं गेलं? जिला मारहाण होत होती तिला. ज्याचा घरात रोज पाणउतारा होत होता त्याला. जुळवून घे, सहन कर, नातं तुटू देऊ नकोस. संशोधनाचा आधार घेऊन कुणी हेच पुन्हा सांगू लागलं तर त्याला उत्तर त्याच संशोधनात आहे. जाचातून बाहेर पडायला मदत करणारा कायदा, तात्पुरता निवारा, स्वतःच्या नावावरचं उत्पन्न या गोष्टी नाती मोडणाऱ्या नाहीत. त्या असल्या तर माणूस नात्यात राहतो तो स्वतःच्या इच्छेनं, आणि पोषण करणारं नातं त्या इच्छेवरच उभं असतं. एकटं राहणाऱ्यांचीही इथे बाजू घ्यायला हवी. एकट्यानं राहणं म्हणजे एकाकी असणं नव्हे. दोन जिवलग मित्र आणि जवळ राहणारी बहीण असलेली एकटी स्त्री ही अबोला धरलेल्या भरल्या घरातल्या माणसापेक्षा कितीतरी कमी एकाकी असू शकते.

याला जोडूनच सेवेचा प्रश्न येतो. मिशिगन विद्यापीठातल्या स्टेफनी ब्राउन आणि सहकाऱ्यांनी ४२३ वृद्ध जोडप्यांचा ५ वर्षं मागोवा घेतला आणि २००३ मध्ये दाखवून दिलं, की इतरांना आधार देणाऱ्यांचा मृत्यूचा धोका कमी होता; आधार घेण्याचा तसा फायदा दिसला नाही. आपण कुणाच्या तरी उपयोगी पडतो आहोत ही जाणीव माणसाला जगवते. हे वाचून मन भरून येतं. पण त्याच्या ८ वर्षं आधीचा, १९९५ चा, किकोल्ट-ग्लेझर यांचाच दुसरा अभ्यास शेजारी ठेवून पाहावा. स्मृतिभ्रंश झालेल्या नातलगाची सेवा करणाऱ्या १३ स्त्रियांच्या हातावर केलेली छोटीशी जखम भरायला, त्याच वयाच्या इतर स्त्रियांपेक्षा सरासरी ९ दिवस जास्त लागले. देणं जगवतंही आणि झिजवतंही. फरक कशात पडतो? मला वाटतं, देणाऱ्याच्या पाठीशी कुणी आहे का, यात. जिला रात्रंदिवस सुटी नाही, जिची पाळी घ्यायला कुणी येत नाही, तिचं प्रेम कितीही खरं असलं तरी शरीर थकतंच. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०१८ च्या अहवालानुसार जगातल्या बिनपगारी सेवेच्या कामाचे तीन चतुर्थांशांहून अधिक तास स्त्रियांच्या वाट्याला येतात. कुटुंबाच्या प्रेमाचे गोडवे गाताना ते प्रेम कुणाच्या झोपेतून कापून काढलं जातं, हे विचारलंच पाहिजे.

म्हणजे प्रश्न पुन्हा वेळेवर येतो.

कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये मैत्रीचे तास मोजायचा प्रयत्न केला. ओळखीचं रूपांतर साध्या मैत्रीत व्हायला सुमारे ५० तास, खऱ्या मैत्रीत व्हायला ९० आणि जिवलग मैत्रीत व्हायला २०० हून जास्त तास सोबत घालवावे लागतात, असा त्यांचा अंदाज आहे. आठवड्यातून एक तास भेटणाऱ्या दोघांना २०० तासांसाठी जवळजवळ ४ वर्षं लागतील. मोठेपणी मित्र होत नाहीत अशी तक्रार आपण सगळेच करतो आणि दोष वयाला देतो. शाळा-कॉलेजात आपण काही जास्त प्रेमळ नव्हतो. आपल्याकडे न मोजलेले तास होते.

आणि नुसता मोकळा वेळ पुरत नाही, तो एकाच वेळी मोकळा असावा लागतो. याचा सगळ्यात मोठा प्रयोग इतिहासात होऊन गेला आहे. १९२९ मध्ये सोव्हिएत युनियननं सात दिवसांचा आठवडा मोडून पाच दिवसांचा केला. कामगारांचे पाच गट पाडले, प्रत्येकाला एक रंग दिला आणि प्रत्येक रंगाची सुटी वेगळ्या दिवशी ठेवली, म्हणजे यंत्रं कधी थांबायला नकोत. कागदावर सुट्या वाढल्या होत्या: पूर्वी सातांत एक, आता पाचांत एक. पण नवरा एका रंगाचा, बायको दुसऱ्या, मुलांची शाळा तिसऱ्या वेळेला. सुटीच्या दिवशी माणूस घरी बसे आणि घरात कुणी नसे. मित्रांनी एकत्र जमणं अवघड झालं. लोकांची नाराजी वाढली, यंत्रंही अखंड चालून बिघडू लागली, आणि १९३१ मध्ये सगळ्यांना एकाच दिवशी सुटी देणारा सहा दिवसांचा आठवडा आणून ती विभागलेली सुटी बव्हंशी मागे घ्यावी लागली. १९४० मध्ये सात दिवसांचा आठवडा आणि रविवार परत आला. सुटी ही एकेकट्याला वाटून देता येईल अशी वस्तू नाही, हे त्यातून सिद्ध झालं. क्रिस्टोबाल यंग आणि चेयुन लिम यांनी २०१४ मध्ये अमेरिकेतल्या पाच लाखांहून अधिक लोकांच्या माहितीतून दाखवलं, की शनिवार-रविवारी बेरोजगार माणसांचं मनही जवळजवळ नोकरदारांइतकंच उजळतं. त्यांना तर रोजच वेळ असतो. शनिवार-रविवारी बाकीच्यांना असतो, म्हणून.

हे वाचून आजच्या कामाच्या वेळापत्रकांकडे पाहा. उद्या कोणती पाळी आहे हे आज रात्री मोबाइलवर कळणारा डिलिव्हरीचा मुलगा, दर आठवड्याला वेगळी सुटी मिळणारी दुकानातली मुलगी, फिरत्या पाळ्यांतली परिचारिका. यांच्यावर कुणी सोव्हिएत पंचांग लादलेलं नाही, तरी परिणाम तोच होतो. बहिणीला 'रविवारी येतो' असं ते सांगू शकत नाहीत. चार वेळा नाही म्हटल्यावर पाचव्यांदा कुणी बोलवत नाही, आणि मैत्री बहुधा अशीच संपते, भांडणाशिवाय. मोबाइलनं माणसं तोडली अशी ओरड फार होते. मला त्यात अर्धंच तथ्य दिसतं. ज्याच्या दिवसात भेटीला जागाच उरली नाही त्यानं संदेशावर भागवलं, तर दोष संदेशाचा किती?

एकोणिसाव्या शतकातल्या कामगारांनी आठ तास काम, आठ तास विश्रांती आणि आठ तास आमच्या मर्जीचे अशी मागणी केली. १९१९ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा पहिलाच करार उद्योगांतल्या आठ तासांच्या दिवसाबद्दल होता. त्या तिसऱ्या आठ तासांना आपण विरंगुळा समजत आलो. मी त्याला आरोग्यसेवा म्हणेन. जागतिक आरोग्य संघटना आणि श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये मिळून केलेल्या अंदाजानुसार, आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून जास्त काम केल्यामुळे झालेल्या पक्षाघात आणि हृदयविकारांनी २०१६ या एका वर्षात ७ लाख ४५ हजार माणसं मेली. यातला किती वाटा थकव्याचा आणि किती तुटलेल्या सोबतीचा, हे वेगळं काढता येणार नाही. आयुष्यातही ते वेगळं नसतं. फ्रान्समध्ये २०१७ पासून कामाच्या वेळेनंतर फोन-ईमेलपासून मोकळं राहण्याचा हक्क कायद्यात आला, ऑस्ट्रेलियात २०२४ मध्ये. पाळीचं वेळापत्रक किमान दोन आठवडे आधी हातात पडणं, आठवड्यातला एक ठरावीक दिवस कायमचा मोकळा असणं, आजारी माणसाच्या सेवेसाठी पगारी रजा मिळणं, हे सगळं मला त्याच ओळीतलं वाटतं.

सरकारनं लोकांच्या नात्यांत नाक खुपसू नये, असं यावर कुणी म्हणेल. मलाही सरकारनं माझे मित्र निवडायला नको आहेत. पण कामाचे तास, बसचा शेवटचा फेरा, वस्तीत विनाशुल्क बसायला जागा असणं-नसणं, रुग्णालयाचे भेटीचे नियम, हे सगळं आजही कुणीतरी ठरवतंच आहे. माझं मागणं एवढंच, की ठरवताना हा हिशेब मांडला जावा. ब्रिटननं २०१८ मध्ये आणि जपाननं २०२१ मध्ये एकाकीपणासाठी मंत्री नेमले. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२५ च्या अहवालात जगातल्या दर सहा माणसांपैकी एकाला एकाकीपणानं ग्रासलं आहे आणि त्याच्याशी जोडलेले मृत्यू वर्षाला सुमारे ८ लाख ७१ हजार आहेत, असा अंदाज दिला. प्रश्नाला नाव मिळालं, हे चांगलंच झालं. पण एकाकीपणाचं वेगळं खातं काढून मजूर खातं, नगररचना आणि आरोग्य खातं पूर्वीसारखंच चालू राहिलं, तर त्या नावाचा उपयोग थोडाच.

रुग्णालयाबद्दल मला सगळ्यात जास्त पोटतिडकीनं बोलायचं आहे, कारण जिथे पुरावा सगळ्यात स्पष्ट आणि उपाय सगळ्यात स्वस्त, तिथेच दार बंद असतं. बाळंतपणाचं पाहा. १९८० मध्ये ग्वाटेमालातल्या एका अभ्यासात प्रसूतीच्या वेळी नुसती एक सोबतीण, तीही अनोळखी, जवळ बसवली तरी कळांचा काळ कमी झाला आणि गुंतागुंत घटली. तेव्हापासून असे पुष्कळ अभ्यास झाले. २०१७ मध्ये अशा २६ चाचण्यांचा, १५ हजारांहून अधिक स्त्रियांचा, आढावा घेतला गेला आणि सलग सोबत मिळालेल्यांमध्ये सिझेरियन कमी, वेदनाशामकांची गरज कमी आणि वाईट अनुभव कमी आढळले. प्रत्येक स्त्रीला तिच्या पसंतीची सोबत मिळावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. तरी जगातल्या कितीतरी प्रसूतिकक्षांत ती एकटीच असते.

अतिदक्षता विभागाबद्दल ब्राझीलमधल्या ३६ विभागांत झालेली एक मोठी चाचणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. तिथे नातलगांना दिवसाला बारा तासांपर्यंत थांबू दिलं. अपेक्षा होती की रुग्णांना होणारा वातभ्रम, म्हणजे गंभीर आजारात अचानक उडणारा बुद्धीचा गोंधळ, कमी होईल. तो लक्षणीय कमी झाला नाही, हेही सांगायला हवं. पण ज्या भीतीनं दारं बंद ठेवतात तो जंतुसंसर्गही वाढला नाही, आणि नातलगांमधली चिंता आणि नैराश्य बरंच कमी झालं. मग दहा मिनिटांच्या भेटीचा नियम नेमका कुणाच्या सोयीसाठी आहे?

आणि भेटायला कोण येऊ शकतो, हाही प्रश्न आहेच. दाखल होताना भरायच्या कागदावर 'नातेवाइकाचे नाव' आणि 'नाते' अशा दोन चौकटी असतात. रक्ताचं किंवा लग्नाचं नातं असेल तरच त्या भरता येतात. अमेरिकेत २०१० मध्ये अध्यक्षांनी आदेश काढला आणि २०११ च्या सुरुवातीपासून सरकारी विम्याचे पैसे घेणाऱ्या रुग्णालयांना भेटायला कोण येणार हे रुग्णाला ठरवू देणं बंधनकारक झालं. त्यासाठी ना नवी इमारत लागली, ना नवं औषध. कागदावर 'नातेवाईक' ऐवजी 'तुमचं हक्काचं माणूस' असं छापावं, आणि ती चौकट रिकामी राहिली तर वाढलेल्या रक्तदाबाइतक्याच गांभीर्यानं डॉक्टरांनी ती वाचावी, हे अशक्य का असावं?

काही वर्षांपूर्वी माझा चाळीस वर्षांपासूनचा मित्र अचानक कोसळला तेव्हा त्याला रुग्णालयात मी नेलं. नातं काय, असं विचारल्यावर मी 'मित्र' म्हणालो. ती चौकट रिकामी ठेवली गेली आणि मला बाहेरच्या बाकावर बसायला सांगितलं. त्याची बहीण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोचली, तेव्हा पहिल्यांदा दार उघडलं. पुढे तो बरा झाला. एकदा बोलता बोलता म्हणाला, की त्या रात्री शुद्धीवर आल्यावर आपल्याबरोबर कुणीच नाही असं त्याला वाटलं होतं. मी भिंतीपलीकडे बसलो आहे, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.